आधी गणपती उतरवला

डॅशबोर्ड उतरवायचा तर सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची असते, पण आमच्या गाडीत त्याच्याही आधी गणपती उतरवायला लागला. पितळेचा आहे, अंगठ्याएवढा, चिंचवडला मोरया गोसावींच्या देवळाबाहेरच्या दुकानातून आईने घेऊन दिलेला, आणि मी तो डबल टेपने डॅशबोर्डच्या बरोब्बर मधे चिकटवला होता. चार वर्षांत टेप इतकी घट्ट बसली होती की शिवणाचा दोरा तिच्याखालून करवतीसारखा पुढेमागे फिरवत फिरवत सोडवावा लागला. आई व्हिडिओ कॉलवर होती. "अगं नुसता उचलून ठेवू नकोस, दोन अक्षता टाक, सांग त्याला परत बसवणार आहोत म्हणून." मग तांदळाचे चार दाणे टाकले, पुनरागमनाय च म्हटलं आणि त्याला वाटीतल्या तांदळात बसवून किचनच्या खिडकीत ठेवलं. पुढचे पाच आठवडे तो तिथेच होता.

गाडी म्हणजे मर्सिडीजची २४० डी, १९८२ ची, ज्या पिढीला सगळे डब्ल्यू १२३ म्हणतात ती. आम्ही राहतो ब्योब्लिंगनला, स्टुटगार्टच्या जवळ, आणि ही गाडी जिथे बनली तो झिंडलफिंगनचा कारखाना आमच्या शेजारच्याच गावात. १९७५ च्या शेवटापासून १९८६ च्या सुरुवातीपर्यंत या मॉडेलच्या जवळपास २७ लाख गाड्या बनल्या, त्यातल्या कितीतरी टॅक्सी म्हणून राबल्या. आमच्या गाडीचं इंजिन ७२ पीएस (जर्मन हॉर्सपॉवर), म्हणजे आजच्या हिशोबाने काहीच नाही, चढावर मागची रांग वाढत जाते, पण त्या इंजिनाचा ठेका एकदा कानात बसला की दुसरं काही ऐकावंसं वाटत नाही. बाबा पिंपरीला टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समधे होते. १९९५ मधे तिथेच कंपनीच्या आवारात मर्सिडीज जुळायला लागल्या, ती याच्या पुढची पिढी, डब्ल्यू १२४, आणि बाबांनी एकदा स्कूटरवर पुढे उभं करून मला गेटबाहेरून एक दाखवली होती. पुढे नोकरीसाठी इथे आले आणि तीस वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांना इथे एच अक्षराची नंबरप्लेट मिळते, वर्षाला सरसकट १९१ युरो ७३ सेंट टॅक्स, हे कळल्यावर नवऱ्याला म्हटलं, घेऊया.

डॅशबोर्डला भेगा होत्याच, घेतली तेव्हापासून. या मॉडेलची ती खोडच आहे. वरून निळं व्हिनाइल, त्याखाली फोम, त्याखाली सांगाडा. वर्षानुवर्षं काचेतून ऊन येतं, व्हिनाइल मऊ ठेवणारं जे रसायन असतं ते हळूहळू उडून जातं, (जुन्या गाडीच्या काचेवर आतून जो तेलकट थर बसतो त्यात यातलंही बरंच असतं), खालचा फोम आक्रसतो आणि वरचं कातडं ढोलकीच्या पुडीसारखं ताणलं जातं. मग जिथे मुळातच भोक आहे, म्हणजे दोन्ही कोपऱ्यांतल्या स्पीकरच्या जाळ्या, नाहीतर काचेकडच्या हवेच्या फटी, तिथून ते फाटायला सुरुवात होते. आमची सगळ्यात मोठी भेग डाव्या जाळीपासून मीटरच्या वरपर्यंत आलेली, करंगळी जाईल एवढी, आत पिवळट फोम दिसायचा आणि बोट लावलं की त्याचा भुगा पडायचा.

पण भेगांसाठी मी डॅशबोर्डला हात लावला नसता, खरंच. कारण वेगळं झालं. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरमधे गाडीत एक गोडसर वास यायला लागला, हीटर लावला की जास्त, आणि काचेवर आतून एक चिकट धुकं धरायचं जे फडक्याने पुसलं की अजूनच पसरायचं. पायाखालचं कार्पेट ओलं. म्हणजे हीटरचा जो छोटा रेडिएटर असतो, ज्यातून इंजिनाचं गरम कूलंट फिरतं, तो गळत होता. त्यातच ब्लोअर लावला की फटींमधून काळे कण उडायचे, तिळासारखे, माझ्या ओढणीवर येऊन बसायचे, ते म्हणजे आतल्या झडपांवरचा सडलेला फोम. हे सगळं एका पेटीत असतं आणि ती पेटी बाहेर काढायची तर अख्खा डॅशबोर्ड उतरवल्याशिवाय मार्ग नाही. एका वर्कशॉपमधे विचारलं तर त्यांनी खर्चाचा आकडा सांगितला आणि वर म्हणाले की भेगांवर तयार कवच चिकटवून देऊ, नव्यासारखं दिसेल.

ते कवच मला पटत नाही. कडक प्लास्टिकचा मुखवटा असतो, सिलिकॉनने वरून चिकटवतात, आणि खाली भेग आपली वाढतच असते. शिवाय पुढे कधी काढायचं झालं तर त्याच्यासोबत मूळ कातडंही सोलून निघतं. कल्हई करतात तेव्हा आधी भांडं तापवून, घासून, स्वच्छ करून मग कथील फिरवतात, काळ्या भांड्यावर कोणी रंग देत नाही. ज्यांना कवच लावायचंय त्यांनी लावावं, गाडी त्यांची आहे, पण माझ्या गाडीत मला रोज ज्याच्याकडे बघत बसायचंय ते खरं हवं होतं, मग जुनं असलं तरी चालेल.

तर जुना डॅशबोर्ड शोधणं सुरू झालं. ते चार महिने चाललं. एक अगदी अखंड मिळाला होता, एकही भेग नाही, पण रंग डाटल, जर्मनमधे डाटल म्हणजे खजूर, तसाच तपकिरी, आणि आमचं आतलं सगळं निळं. रंगवून चालतो म्हणतात, पण उन्हात तो रंग ओरखड्यासरशी निघतो असं बऱ्याच जणांनी सांगितलं. शेवटी हाइलब्रॉनच्या पुढे एका खेड्यात, एका माणसाच्या गोठ्यात, सुटी केलेली २४० डी टॅक्सी सापडली. बाहेरून सायीच्या रंगाची, म्हणजे इथल्या टॅक्सींचा त्या काळी ठरलेला रंग, आणि आत निळी! बहुतेक आयुष्य रात्रपाळीत आणि नंतर अंधाऱ्या गोठ्यात गेलं असावं, कारण डॅशबोर्डवर एक भेग नव्हती. फक्त मधे, जिथे आमच्याकडे गणपती असतो बरोब्बर तिथे, तीन भोकं होती. टॅक्सीमीटरची.

मी ती भोकं बघत किती वेळ उभी राहिले काय माहीत. मुंबईत लहानपणी आत्याकडे जायचो तेव्हा काळ्यापिवळ्या पद्मिनीचा मीटर बाहेर असायचा, डाव्या अंगाला, ड्रायव्हर काचेतून हात बाहेर काढून तो खटकन फिरवायचा आणि तो आवाज म्हणजे सुट्टी सुरू. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा असल्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तो सगळा काळच संपला. गोठ्यातला माणूस म्हणाला भोकांमुळे किंमत कमी करतो. मी २५० युरो दिले, आईच्या हातच्या गोधडीत डॅशबोर्ड गुंडाळला, नवऱ्याच्या गाडीत तिरका घातला आणि घरापर्यंत त्याचं एक टोक माझ्या खांद्यावर होतं.

आमच्या बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमधे गाडीचं काम करायला बंदी आहे. शेजारच्या घरातले आजोबा, वय ७८, त्यांच्याकडे स्वतंत्र गॅरेज आहे आणि ते आयुष्यभर झिंडलफिंगनला रंगखात्यात होते. मी भीतभीत विचारलं. ते म्हणाले, या गाडीच्या हजारो बॉड्या माझ्यासमोरून गेल्या, पण सगळ्या पोकळ, रंग झाला की पुढे जायच्या, डॅशबोर्डच्या मागे काय असतं ते मी कधी पाहिलेलंच नाही, आणून लावा. जर्मनमधे परक्याला झी म्हणतात, आपलं अहो-जाहो, आणि तीन वर्षं शेजारी राहून आमचं झी वरच चाललं होतं.

काम सुरू केलं तेव्हा थंडी पडलेली. स्टेअरिंगच्या मधलं हॉर्नचं झाकण ओढून काढलं की आत एकच बोल्ट असतो, त्याला दहा नंबरची अ‍ॅलन की लागते, आणि तो पूर्ण काढायचा नाही, चारपाच आटे ठेवायचे आणि मग चाक हलवत ओढायचं, नाहीतर सुटलं की थेट तोंडावर येतं. मीटरला एकही स्क्रू नसतो. तीन गोल डायलचा अख्खा संच भोवतीच्या रबरी कडेच्या घट्टपणावर बसलेला असतो. दोन बाजूंनी पातळ आकडे घालून समोर ओढायचा. मी ओढला, तो सरकन आला, आणि मी दोन इंच जास्त ओढला. तिथे चुकले. कारण या गाडीत तेलाच्या दाबाचा काटा विजेवर चालत नाही, इंजिनापासून एक बारीक नळी थेट मीटरच्या मागे येते आणि त्या नळीत खरोखरचं तेल असतं, इंजिनातलं, त्याच दाबाने काटा वर ढकलला जातो. ती नळी मुडपली आणि तिच्या तोंडातून काळं तेल थेंब थेंब माझ्या मांडीवर. आजोबांनी न बोलता फडकं दिलं. मग वाकून ते थेंब बघत म्हणाले, म्हणजे चालवणाऱ्याच्या पुढ्यात इंजिनाचं रक्त येतं होय.

मला ते वाक्य अजून ऐकू येतं. आपण काट्याकडे बघतो तेव्हा आकडा बघतोय असं वाटतं, आणि इथे सहा-सात वितींवरून तेल चालत येऊन सांगत असतं की मी ठीक आहे. आत्ताच्या गाड्यांत एवढी मोठी स्क्रीन असते, मी स्वतः कामावर त्याच क्षेत्रात आहे, मला माहितीय तिथे किती हुशारीने सगळं केलेलं असतं, पण तिथला प्रत्येक आकडा आधी कोणीतरी मोजून, तपासून, सभ्य करून पाठवलेला असतो.

नळी नवीन लागली, ती मागवली, आठवडा गेला.

दरम्यान बाकीचं सुटं होत होतं. दिव्याचा गोल स्विच, ॲशट्रे, रेडिओ, हीटरची कंट्रोल, ग्लोव्ह बॉक्स. ग्लोव्ह बॉक्सचं आतलं अस्तर प्लास्टिकच्या खिळ्यांवर असतं आणि ४० वर्षांचं प्लास्टिक, हात लावला की मोडतं, निम्मे मोडले. स्क्रू ठेवायला मी घरून इडलीपात्र आणलं होतं. चार ताटल्या, प्रत्येकीत चार खळगे, वरच्या ताटलीत पहिल्या दिवसाचे, मग दुसऱ्या, आणि प्रत्येक खळग्यात एका जागेचे. आजोबांना ते फार आवडलं, त्यांनी विचारलं हे हत्यार कुठे मिळतं, तर पुढच्या रविवारी त्यांना इडली-सांबार करून नेलं, दुसऱ्या पात्रातून.

वायरींना मी कागदी टेपच्या चिठ्ठ्या लावत गेले, मराठीत, कारण घाईत हात तसाच चालतो. "घड्याळ", "डावा इंडिकेटर", "ब्लोअर, खालची". आजोबांना वाचता येईना म्हणून त्यांनी प्रत्येक चिठ्ठीवर स्वतःचा आकडा टाकला आणि वहीत आकड्याची यादी केली. या गाडीत रंगांचं एक व्याकरण असतं, ते कळलं की निम्मी भीती जाते. तपकिरी वायर म्हणजे अर्थिंगची, तिचा नंबर ३१. लाल म्हणजे थेट बॅटरीची, ३०. किल्ली फिरवल्यावर जिवंत होते ती १५, काळी. मीटरच्या दिव्यांची करडी-निळी. कुठेही, कुठल्याही खात्यात, तेच. आणि मग रेडिओच्या मागे पोचलो तर ते सगळं व्याकरण मोडून पडलेलं. कधीतरी कोणीतरी दुसरा रेडिओ बसवताना मूळ कनेक्टर कापून टाकला होता, वायरी नुसत्या पिळून वर टेप, टेपचा डिंक पाघळून सगळं चिकट. मला रागच आला. दहा मिनिटांच्या घाईसाठी पुढच्या माणसाची आठवणही नाही. तो सगळा भाग कापून मी एकेक वायर झाळून घेतली, दोन रात्री गेल्या, पण हे झाकून पुढे गेले असते तर झोप आली नसती.

डॅशबोर्ड प्रत्यक्ष सुटला तो क्षण तसा साधा होता. शेवटचा नट ग्लोव्ह बॉक्सच्या पोकळीत खोल, दहा नंबरचा, हात कोपरापर्यंत आत घालून अंदाजाने गोटी पाना बसवायचा. तो सुटला, आम्ही दोघांनी दोन टोकं धरली, थोडं वर, थोडं आपल्याकडे, आणि एकदम एवढी मोठी वस्तू हातात आली. समोर काय उरलं तर पत्रा, वायरींचा जुडगा आणि मधे ती काळी हीटरची पेटी. गाडी एकदम उघडी वाटायला लागली, दाढीमिशी काढल्यावर बाबा वाटले होते तशी. पत्र्यावर आतल्या बाजूला बाहेरचाच रंग होता, पांढरा, पण उन्हाने न उतरलेला, अगदी कोरा. आजोबा टॉर्च घेऊन त्यावर बराच वेळ बोट फिरवत होते. म्हणाले, हा आमचा रंग, हा असा होता.

पेटी काढली, गळका रेडिएटर बदलला, झडपांवर नवीन फोम लावला. त्यात सांगण्यासारखं फार नाही, फक्त कंटाळवाणं काम, आणि ते मनापासून केलं.

जोडताना क्रम उलटा, इडलीपात्राच्या खालच्या ताटलीपासून वर. टॅक्सीचा डॅशबोर्ड पहिल्या फटक्यात बसला नाही, उजवा कोपरा वर राहत होता, जोर लावायचा मोह होतो आणि तिथेच चिरतं. परत काढला, बघितलं तर एक वायर सांगाड्याखाली अडकलेली. मीटर बसवताना आधी स्पीडोमीटरची केबल आवळायची, मग तेलाची नळी, मग कनेक्टर, मग हळूच आत दाबायचं, क्रम चुकला तर हात पोचत नाही.

मग गाडी सुरू केली. काटा हळूहळू उठून तीनवर जाऊन टेकला, नळी कोरडी, कुठे गळती नाही. मी खुशीत किल्ली बंद केली आणि इंजिन बंदच होईना! किल्ली हातात, गाडी आपली धडधडतेय. मी घाबरले. आजोबा शांतपणे बोनेटकडे गेले, इंजिनावर स्टॉप लिहिलेला एक दांडा असतो तो दाबला आणि ती थांबली. या डिझेलना बंद करायला वीज लागत नाही, किल्लीच्या कुलुपातून एक निर्वात (व्हॅक्यूमची) नळी जाते, ती इंधन तोडते, आणि खालचं पॅनल लावताना माझ्याच हाताने ती नळी निसटली होती. तिला मी चिठ्ठीच लावली नव्हती, वायर नाही म्हणून. परत खाली आडवं पडून, टॉर्च तोंडात धरून ती बसवली.

बाहेर आले तर आजोबांनी हात पुढे केला, स्वतःचं पहिलं नाव सांगितलं. इथे ही रीत आहे, वयाने मोठा माणूस स्वतःहून असं करतो, म्हणजे आजपासून झी नको, डू म्हण. अरे-तुरे. मी हात मिळवला पण पुढचं वाक्य तोंडातून निघेना. ७८ वर्षांच्या माणसाला तू कसं म्हणायचं? रात्री आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मला तू म्हणतेस ना? देवाला तू म्हणतेस ना? मग?" तरी मला पंधरा दिवस लागले.

तीन भोकं बुजवायची का यावर आमचं बरंच बोलणं झालं. बुजवता येतात, गरम करून, रंग मिसळून, लांबून कळत नाही. मी नाही म्हटलं. ती टॅक्सी कोणीतरी रात्रंदिवस चालवली होती, त्या मीटरवर त्याचं घर चाललं होतं. सागाची एक छोटी पट्टी कापली, तिला त्याच अंतरावर तीन भोकं पाडली, गणपती पट्टीवर पक्का केला आणि पट्टी टॅक्सीमीटरच्या जागी तीन स्क्रूंनी आवळली. आता टेप नाही, उन्हाळ्यात सुटायची भीती नाही. आईने कॉलवर आरती म्हटली, आजोबा टोपी काढून उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उणे चार होतं. गाडी बाहेर काढली, काच आतून पांढरी झालेली, समोर काही दिसेना. इंजिन तापायला दहा मिनिटं जाऊ दिली, मग हीटर पूर्ण उघडला. वास नाही. कण नाहीत. डॅशबोर्डच्या फटींमधून गरम हवा वर यायला लागली आणि काच खालच्या दोन कोपऱ्यांतून साफ व्हायला लागली, आधी बांगडीएवढं गोल, मग ताटाएवढं, मग दोन्ही गोल मधे, गणपतीच्या मागे, एकमेकांत मिसळले, आणि पलीकडे आजोबा दारात कॉफीचा मग घेऊन उभे दिसले.